पेडल कडक लागतं, पण ब्रेकचं काय?

वाचकांचे प्रश्न : गाडीची निगा

या वेळचे बहुतेक प्रश्न जुन्या आणि बराच काळ कोणी न पाहिलेल्या ब्रेकविषयी आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : वडिलांची पंचवीस वर्षांची गाडी सहा वर्षं शेडमध्ये उभी होती. नवी बॅटरी घातल्यावर इंजिन सुरू झालं. ब्रेक ऑइलची डबी अर्धी होती, ती भरली. पेडल कडक लागतं, गाडी थांबतेही. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. आता रस्त्यावर काढायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. कृपया एवढ्यात काढू नका. पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबले जाणारे घर्षणाचे तुकडे, झिजतात ते गाडी चालवल्यामुळे. ब्रेकमधलं ऑइल, रबर आणि लोखंड मात्र गाडी नुसती उभी असतानाही खराब होत असतं. शेडच्या दारात गाडी थांबली, यावरून काहीच कळत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. म्हणजे ताशी २० किलोमीटरला जेवढं काम, त्याच्या सोळापट ताशी ८० ला.

आधी डबी अर्धी का झाली ते शोधा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागे ऑइल जातं आणि डबीतली पातळी उतरते. पण तुमचे पॅड फारसे झिजलेले नाहीत, म्हणजे मागच्या ड्रम ब्रेकमधले लायनर (शूवरचे घर्षणाचे पट्टे) संपले असावेत किंवा कुठेतरी गळती असावी. मागचे ड्रम काढा आणि व्हील सिलिंडरच्या (शू ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) दोन्ही टोकांची रबरी बुटं बोटाने किंचित उचला. आत नुसता ओलसरपणा असेल तर एक वेळ ठीक. थेंब आला तर सिलिंडर बदलायचा. पेडलच्या वर, मास्टर सिलिंडरच्या (पायाच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या) मागच्या बाजूला हात फिरवा. मास्टर सिलिंडर बूस्टरवर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर) बसलेला असेल तर गळणारं ऑइल बूस्टरच्या पोटात जातं आणि बाहेर डाग पडत नाही. त्याचे दोन नट काढून तो थोडा पुढे ओढून पाहिल्याशिवाय खात्री होत नाही.

मग पेडलची परीक्षा घ्या. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. आता मध्यम जोर देऊन एक मिनिट पेडल दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी कप ऑइल मागे सोडताहेत. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चांगला आहे.

आता ऑइल. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषत राहतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. लांब उताराला ब्रेक सतत दाबलेला असला की कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) एवढी उष्णता सहज येते. ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला टेकतं. वाईट म्हणजे गाडी थांबवून थोडा वेळ थंड होऊ दिली की ब्रेक पुन्हा लागतो, त्यामुळे तपासणीत दोष सापडत नाही. जुन्या ऑइलवर नवं ओतून ही ओल जात नाही. सगळं ऑइल बाहेर काढावं लागतं.

ते काढताना एक चूक हमखास होते. मास्टर सिलिंडरच्या आतली भिंत टॉर्च लावून पाहिली तर पिस्टन रोज जिथे फिरतो तेवढाच भाग आरशासारखा चकचकीत असतो. त्याच्या पुढे, पेडल कधी पोचतच नाही तिथे, गंजाचं खरखरीत कडं तयार झालेलं असतं. ब्लीडिंग करताना, म्हणजे चाकाजवळच्या निपलमधून हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढताना, मदतनीस पेडल तळापर्यंत दाबतो, कप त्या कड्यावरून घासला जातो आणि त्याची धार फाटते. सकाळपर्यंत चांगला असलेला सिलिंडर संध्याकाळी कामातून जातो. म्हणून पेडलखाली पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा, किंवा व्हॅक्यूम पंपाने ऑइल ओढून घ्या.

ब्लीडिंगचे निपलही सहा वर्षांत धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी निपलच्या बुडाशी हातोडीने हलके ठोके द्या, आधी केसभर घट्ट करा आणि मग सोडवा. पाना सहा कोनी गोटीचाच घ्या. उघडा पाना कोपरे गोल करून टाकतो. निपल तुटलं तर ते ड्रिलने काढत बसण्यापेक्षा व्हील सिलिंडर नवा घालणं शहाणपणाचं.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा आणि जवळच्या चाकाशी संपवा. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. पारदर्शक नळीचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. निपल उघडा, पेडल दाबू द्या, निपल बंद करा आणि मगच पाय उचलू द्या. काळपट ऑइल जाऊन स्वच्छ येईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा. मध्ये डबी रिकामी होऊ देऊ नका. साध्या चारचाकीला साधारण एक लिटर लागतं. डबा सीलबंद, नवाच घ्या. कपाटात वर्षभर उघडा राहिलेला अर्धा डबा उपयोगाचा नाही. सांडलेलं ऑइल रंग खातं, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

गाडीच्या वयाची झालेली सगळी होज (लवचीक रबरी नळ्या), मागचे दोन्ही व्हील सिलिंडर, दोन्ही कॅलिपरचे सील किट आणि होजच्या पोकळ बोल्टखालचे तांब्याचे नवे वॉशर, एवढं बदलल्याशिवाय अशी गाडी बाहेर काढू नये. लोखंडी पाइप तारेच्या ब्रशने घासून पाहा. वरवरचा तांबडेपणा चालेल, पण खड्डे दिसले तर पूर्ण पाइप बदला. ज्या क्लिपांत पाइप अडकवलेले असतात तिथे चिखल साठून ते आधी सडतात, म्हणून क्लिपा काढूनच पाहा. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट आहे. तिथे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, त्यामुळे ही तपासणी दुप्पट काळजीने करा.

प्रश्न : पुढचं डावं चाक थोड्याशा प्रवासानंतर इतकं तापतं की हात लावता येत नाही. पॅड बदलले, कॅलिपरही नवा घातला, तरी फरक नाही.

उत्तर : कॅलिपरकडे जाणारं रबरी होज आतून सुजलं असण्याची दाट शक्यता आहे. बाहेरून ते चांगलं दिसतं, पण आतली नळी फुगून तिचं भोक जवळपास बंद होतं. पाय दाबला की प्रचंड दाबामुळे ऑइल त्यातून पुढे जातं. परत यायला मात्र पिस्टनभोवतीच्या चौकोनी सीलचा थोडासा ताणच असतो, तो पुरत नाही. पॅड डिस्कला चिकटून राहतात.

खात्री अशी करा. पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. ब्रेक दाबून सोडा, आणि चाक अडकलं की कॅलिपरचं निपल उघडा. चाक तरीही जाम राहिलं तर दोष पिस्टन, सरकत्या पिना किंवा पॅडच्या खाचांमध्ये आहे. पिचकारी उडून चाक सुटलं तर दाब अडकलेला होता. निपल बंद करून ब्रेक पुन्हा दाबा, चाक अडकवा, आणि या वेळी होजच्या वरचा, लोखंडी पाइपशी असलेला जोड सैल करा. तिथे सैल करून चाक सुटत नसेल तर होज बदला, आणि बदलायचं तर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचं. सुटत असेल तर अडथळा त्याच्याही वर आहे. पुढची दोन्ही चाकं तापत असतील तर मास्टर सिलिंडरचं परतीचं भोक आणि पुशरॉडची (पेडलपासून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या दांड्याची) ढील पाहा. ढील उरलीच नसेल तर ते भोक कायम झाकलेलं राहतं. तपासणी झाल्यावर हवा काढायला विसरू नका.

आणि होजला पकड लावून चिमटायची सवय सोडा. जुनी होज आतून फाटण्याचं तेही एक कारण आहे.

प्रश्न : पॅड किती जाड उरले की बदलावेत? डिस्कच्या कडेला उंच काठ तयार झाला आहे, ती लेथवर घासून घ्यावी का?

उत्तर : घर्षणाचा थर ३ मिलिमीटर उरला की बदला. मागची लोखंडी पाटी त्यात मोजू नका. एकाच कॅलिपरमधला आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ झाला असेल तर सरकत्या पिना सुकल्या आहेत. त्या साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने, काठ टाळून, सात-आठ ठिकाणी मोजा. लेथवर घासल्यानंतरही जाडी त्या आकड्याच्या वर राहणार असेल तरच घासा. डिस्क नेहमी जोडीने बदलाव्यात. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक दहाएक वेळा लावा, प्रत्येक वेळी थोडं अंतर चालवून. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो.

प्रश्न : मागच्या लायनरवर ब्रेक ऑइल पडलं होतं. पेट्रोलने धुऊन, जाळून पुन्हा बसवले तर चालतील का?

उत्तर : नाही. ऑइल लायनरच्या आत मुरतं आणि गरम झालं की पुन्हा वर येतं. असा ब्रेक कधी कमी धरतो, कधी एकदम पकडतो, आणि ओल्या रस्त्यावर मागचं टोक फिरतं. दोन्ही चाकांचे चारही शू बदला. ड्रम ब्रेक क्लीनरने पुसून घ्या आणि त्यावर कोरलेला कमाल व्यास मोजून पाहा. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. फवाऱ्याने ओली करून पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रश्न : डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं आहे. डॉट ४ किंवा डॉट ५ घालावं का?

उत्तर : डॉट ४ चालेल. डॉट ५ नको. ते सिलिकोनचं असतं, इतरांत मिसळत नाही. डॉट ५.१ हे नाव सारखं वाटलं तरी ते वेगळं, डॉट ४ च्याच जातीचं आहे. झाकणाखालचं रबर फुगून बेडौल झालेलं दिसलं तर कोणीतरी चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं आहे असं समजा. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही. पाइप धुऊन आतलं प्रत्येक रबर, होजसकट, नवं घालावं लागतं.

प्रश्न : गाडी दोन-तीन महिने उभी ठेवायची आहे. हँडब्रेक ओढून ठेवावा का?

उत्तर : ओढू नका. शू ओलीमुळे ड्रमला चिकटतात आणि केबल त्याच जागी गंजते. सपाट जागी गिअर टाका आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. शू आधीच चिकटले असतील तर इंजिनाच्या जोराने गाडी ओढू नका, लायनर शूवरून सुटून येतो. चाक काढून ड्रमच्या कडेवर, चहूबाजूंनी, लाकडावरून ठोके द्या.