शनिवारची थाप

प्रिय चिरंजीव,

सप्रेम सलाम. शनिवारी चर्चमधल्या रविवारच्या उपदेशाच्या तयारीला बसलो की हमखास कोणीतरी दारात उभे राहते आणि सगळी संध्याकाळ वाया जाते, असे तू लिहिले आहेस. ‘वाया’ हा शब्द मी दोनदा वाचला, कारण तुझ्या वयाचा असताना तो माझ्याही तोंडी असे.

बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढ. सभास्थानाचा अधिकारी याईर याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली आहे, येशू तिच्याकडे निघाला आहे, आणि वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक बाई गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. ती त्याच क्षणी बरी झाली होती. म्हणजे केवळ बरे करायचे असते, तर थांबण्याचे काही कारणच उरले नव्हते. तरी तो थांबला, कोण शिवले म्हणून विचारीत राहिला, आणि भीत, कापत ती पुढे आली तेव्हा तिचे सर्व खरेखरे सांगणे त्याने ऐकून घेतले. बारा वर्षांची कहाणी दोन वाक्यांत संपली असेल असे मला वाटत नाही. इकडे याईराच्या जिवाची काय कालवाकालव झाली असेल! मुलगी गेल्याचा निरोप ती बाई बोलत असताना नव्हे, तर येशू तिला शांतीने निरोप देत असतानाच आला. खोळंब्याची किंमत कोणालातरी मोजावी लागते, ही गोष्ट शास्त्र लपवीत नाही. तूही लपवू नकोस.

माझी एक चूक सांगतो. एका शनिवारी, दिवेलागणीला, मंडळीतल्या एक आजी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. माझ्या हातात उघडे पेन होते आणि मी ते खाली ठेवले नाही. ‘उद्या भक्तीनंतर बघू,’ असे म्हणालो. आजींनी कागद पुन्हा चार घड्यांत दुमडला, गाठ मारली आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या भक्तीला आल्या, पण कागद काढला नाही, आणि त्यात काय होते ते मला आजतागायत कळलेले नाही. त्या रविवारचा उपदेश शेजाऱ्यावरील प्रीतीवर होता.

खोळंब्यातून काय उभे राहू शकते तेही पाहा. पंडिता रमाबाईंनी केडगावची जमीन घेतली ती विधवांसाठी चालवलेल्या त्यांच्या शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून, फळबागेसाठी. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणल्या, पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, आणि बागेच्या त्या जमिनीवर निराधार स्त्रिया-मुलींसाठी मुक्ती सदन उभे राहिले.

मात्र दारावरच्या प्रत्येक थापेला धावत सुटू नकोस. सगळे तुझा शोध करीत आहेत, असे शिष्य म्हणाले तेव्हा येशू दुसऱ्या गावांकडे निघाला. पण तो पहाटेच उठून एकांतात प्रार्थना करून आला होता. ज्याने आधी प्रार्थना केली आहे, त्याने ‘आता नाही’ म्हटलेले मला चालते. हातातले पेन खाली न ठेवता म्हटलेले चालत नाही.

तेव्हा उपदेश शुक्रवारी रात्रीच लिहून संपवीत जा, आणि टेबलापाशी एक खुर्ची जास्तीची ठेव.

तुझा,
एक निवृत्त पाळक