बाजार पडला, निवृत्ती तोंडावर आली: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरी करतो. वय 58, साठीला निवृत्ती. एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) 30 लाख होते, त्यातले 75 टक्के शेअरमध्ये. पडझडीत ते 25 लाखांवर आले. सगळे सरकारी रोख्यांत वळवू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: एका फटक्यात सगळे वळवू नका, पण आहे तसेही ठेवू नका. तुमच्या वयाला 75 टक्के फारच झाले. वयाप्रमाणे शेअरचा वाटा आपोआप उतरवणाऱ्या ‘ऑटो चॉइस’मधला एलसी 50 हा पर्याय असता, तर पंचावन्नाव्या वर्षीच शेअरचा वाटा 10 टक्क्यांवर आला असता. ‘अ‍ॅक्टिव्ह चॉइस’मध्ये तो आपणच उतरवायचा असतो आणि नेमके तेच राहून जाते.

सेन्सेक्स जानेवारी 2020 मध्ये 42,000 च्या आसपास होता, 23 मार्चला 26,000 च्या खाली बंद झाला आणि नोव्हेंबरपर्यंत भरून आला. जानेवारी 2008 मध्ये गाठलेले 21,000 पुन्हा दिसायला मात्र 2010 ची दिवाळी उजाडली. अशा वेळी ज्यांना घरखर्चासाठी विकावेच लागते, त्यांचे नुकसान कायमचे होते. म्हणून आधी खर्चाची तरतूद करा.

खर्च महिना 35,000 आणि ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन 5,000 धरली, तर तूट 30,000. तीन वर्षांचे 10.8 लाख. चवथ, पावसाआधी कौले परतणे, औषधपाणी धरून 12 लाख बाजाराबाहेर हवेत. ते पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून काढा. पीएफवर जाहीर झालेले व्याज मिळते, शेअर पडले म्हणून शिल्लक घटत नाही. पहिल्या वर्षाचे 4 लाख बँकेच्या मुदत ठेवीत, उरलेले 8 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 16,400 हातात येतील. ही ठेव वर्षाच्या आत मोडली तर दिलेले व्याज कापून घेतात, म्हणून पहिल्या वर्षाचे पैसे वेगळे.

मग एनपीएसच्या खात्यात लॉगिन करून ‘स्कीम प्रेफरन्स’ (पैसे कशात किती गुंतवायचे ती निवड) बदला. आर्थिक वर्षात चारदा मुभा आहे. दर सहा महिन्यांनी 75 वरून 60, 45, 30 असे उतरा. हा बदल फक्त नव्या हप्त्यांना लागतो असा अनेकांचा समज असतो. तो जुन्या शिल्लकीलाही लागतो. आणि व्याजदर चढले की सरकारी रोख्यांच्या फंडाची एनएव्हीसुद्धा (एका युनिटचा भाव) घसरते, तेव्हा दचकू नका. साठीच्या दिवशीच अ‍ॅन्युइटी (विमा कंपनीकडून विकत घ्यायची आजन्म पेन्शन) घ्यायची सक्ती नाही, खाते पुढे चालवता येते. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीचा दर जन्मभरासाठी पक्का होतो, म्हणून दोन-तीन विमा कंपन्यांचे दर पाहूनच घ्या.

प्रश्न: इक्विटी म्युच्युअल फंडातल्या 30 लाखांतून महिना 20,000 काढते. बाजार पडला तरी चालू ठेवू का?
– एक निवृत्त शिक्षिका, साखळी

उत्तर: तूर्त थांबवा, बाई. फंड 30 टक्के पडला तर 21 लाख उरतात, वर्षाचे 2.4 लाख काढले की 18.6 लाख. न काढता मूळ पदावर यायला 43 टक्के वाढ पुरते. काढत राहिलात तर 61 टक्के लागते. वर्ष-दीड वर्ष ठेवींच्या व्याजावर भागवा. अगदीच भागत नसेल, तर 10,000 वर आणा.

प्रश्न: पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देते. ग्रॅच्युइटी तिथे ठेवू का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर: नको. 5 लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही, पतसंस्थांना नाही.