वंशावळ : तुकाराम गणपत नेमका कोणता?

प्रश्न : पणजोबांचे नाव तुकाराम गणपत पाटील. गावचे जुने उतारे आणि फेरफार (जमिनीवरची नावे बदलल्याच्या नोंदी) काढले, तर १९१५ ते १९७० या काळात याच नावाच्या बऱ्याच नोंदी निघाल्या. माणूस एक की तीन? आणि त्यातला आमचा कोणता?

उत्तर : आधी घरातल्या नावांचा फेरा लक्षात घ्या. वारलेल्या आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत. गणपतचा तुकाराम, तुकारामचा गणपत, त्या गणपतचा पुन्हा तुकाराम. पहिला आणि शेवटचा, आजा आणि नातू, दोघेही कागदावर 'तुकाराम गणपत'. त्यांच्यात साधारण पन्नास वर्षांचे अंतर पडते, म्हणजे तुमच्या नोंदींचा विस्तार जवळपास तेवढाच आहे. शिवाय 'पाटील' हे कित्येक घरांत मुळात वतन, आडनाव नव्हे. जुन्या कागदांत त्याच घराचे मूळ आडनाव असते, किंवा नुसते 'तुका बिन गणू', म्हणजे गणूचा मुलगा तुका, एवढेच. तेव्हा तुका, तुकोजी, तुकाराम आणि गणू, गणोजी, गणपत या सगळ्या जोड्या शोधा.

आता नाव बाजूला ठेवा आणि जमीन धरा. माणसे एका नावाची असतात, पण सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा मिळून एका गावात एकच तुकडा असतो. घरात आज जी जमीन आहे तिच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक पाहा आणि एकेक फेरफार काढत मागे जा. १९४७च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. इथे धागा हमखास तुटतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या, त्यात जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ मिळतो. तो न घेता मागे गेलात तर आजचा गट २४ आणि जुना सर्व्हे नंबर २४ एकच समजून दुसऱ्याच्या शेतात शिराल.

पणजोबांसाठी एक आणि प्रत्येक नावबंधूसाठी एक असा स्वतंत्र कागद करा. हो, परक्या तुकारामांसाठीसुद्धा. आपला सापडत नसेल तर बाकीचे बाद करत जाणे हाच मार्ग उरतो. प्रत्येक नोंदीसमोर वर्ष, नाव जसे लिहिले आहे तसे, सर्व्हे नंबर, सहहिस्सेदार, 'कोम' पुढचे नवऱ्याचे नाव, वय आणि शेजारी लिहा. शेजारी खरेदीखताच्या आणि गहाणखताच्या चतुःसीमेत मिळतात : पूर्वेस कोण, दक्षिणेस कोण. एका तुकारामाच्या उत्तरेला ओढा आणि दुसऱ्याच्या उत्तरेला कुणाची तरी विहीर असेल, तर तो वेगळा तुकडा आहे, आणि बहुधा वेगळा माणूस. नावाखेरीज किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय नोंद कुठल्याही कागदावर चढवू नका. तोवर ती 'बेवारस' पानावर राहू द्या.

खते नोंदवली जातात त्या दुय्यम निबंधक कार्यालयात नावाने शोध घेतला की याद्याच याद्या हाती येतात. सूची क्रमांक १ नावांची, सूची क्रमांक २ मिळकतीची. तुमच्यासारख्या प्रकरणात दोन नंबरची आधी.

सगळ्यांत जास्त घोटाळा वारस नोंदीच्या तारखेने होतो. ती तारीख मृत्यूची नसते. माणूस वारल्यावर कधी दहा-वीस वर्षांनी वारस लागतात, तोवर सातबारा मेलेल्याच्या नावावरच. त्यामुळे '१९५२ सालीही नाव आहे, म्हणजे जिवंत होता' हे खरे धरू नका. फेरफाराचा मजकूर पूर्ण वाचा, 'मयत होऊन अमुक वर्षे झाली' असे त्यातच लिहिलेले असते. मग मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा जुना गाव नमुना १४, पाहा. त्यात मृताचे वय असते, पण ते ५०, ६० असे गोळाबेरजेचे, म्हणून पाच वर्षे इकडेतिकडे चालतील. जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचे नावच नसते, फक्त बापाचे नाव आणि 'मुलगा'.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधली १ जून ही जन्मतारीख दोघांची सारखी निघाली, तर हुरळून जाऊ नका. मास्तरांनी अंदाजाने घातलेल्या १ जूनच्या तारखा जुन्या रजिस्टरांत पानोपानी आहेत.

प्रश्न : एका खतावर शके १८१२ माघ आहे, दुसऱ्या कागदावर फसली १३००. दोन्हींत तेच नाव. वर्षांत फरक पडतो, मग माणसे दोन का?

उत्तर : फरक पडत नाही. इसवी सन काढायला शकात सहसा ७८ मिळवतात, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९ लागतात, कारण शक चैत्रात बदलतो. माघ १८१२ म्हणजे १८९१ची सुरुवात. फसली हे महसुलाचे वर्ष, दक्षिणेत ते मृगापासून, म्हणजे जूनपासून मोजतात : जून ते डिसेंबर ५९०, पुढे ५९१. फसली १३०० म्हणजे जून १८९० ते जून १८९१. दोन्ही कागद एकाच वर्षातले असू शकतात, आता सर्व्हे नंबर ताडून पाहा.

प्रश्न : पुरुषांच्या नावांचा गुंता सुटत नाही. बायकांच्या नावांचा काही उपयोग?

उत्तर : खूप, पण लग्नानंतर नाव बदलण्याच्या रीतीने एकीच्या दोघी होतात, हे ध्यानात ठेवा. उपयोगाच्या खऱ्या लेकी आणि बहिणी. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या वारस नोंदींत त्यांची सासरची नावे, कधी गावासह, येतात. तुकाराम गणपत तिघे असतील, पण अमुक गावी दिलेली गंगू आणि तमुक गावी दिलेली सोना या दोघींचा बाप बहुधा एकच. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही हीच खूण शोधा, कारण यात्रेला आलेली भावंडे आणि चुलते अनेकदा एकाच नोंदीत असतात. मात्र तिथले मागच्या पिढ्यांचे नाव सांगणाऱ्याच्या आठवणीवरचे आहे. आजा आणि पणजा यांची अदलाबदल होते, आणि नावांचा फेरा फिरत असला तर ती चूक नुसत्या वाचनाने लक्षातही येत नाही.