पोरं वाद घालायची थांबली की बघा

तुमचा प्रश्न असा: तुमची फुटबॉल टीम सलग चार मॅच हरली. परवा मॅच चालू असताना कॅप्टनला बाहेर काढून दुसरा खेळाडू उतरवला, तर तो मॅनेजरने पुढे केलेल्या हाताकडे न बघता सरळ आत निघून गेला. आणि जुळे सोलापुरात तुमच्या गच्चीवर मॅच बघायला जमणारी निम्मी पोरं म्हणायला लागलीत की ड्रेसिंग रूम गेली, म्हणजे खेळाडू मॅनेजरच्या हातातून गेले, आता मॅनेजर बदला. खेळाडूंचा विश्वास खरंच उडालाय की नुसता फॉर्म गेलाय, हे टीव्हीवर बघून कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. पण तुमची पोरं बघतायत तिथं नाही.

आधी त्या हाताचा विषय संपवू. बाहेर काढल्यावर ज्याला राग येत नाही असा खेळाडू मला तरी टीममध्ये नको. 24 फेब्रुवारी 2019 आठवा. वेम्बलीवर लीग कपची फायनल, चेल्सी विरुद्ध मँचेस्टर सिटी. एक्स्ट्रा टाइम संपत आलेला. चेल्सीचा गोलकीपर केपाला दुखापत झालीय असं समजून मॅनेजर सारीने दुसरा गोलकीपर काबायेरोला उभा केला, नंबरचा बोर्ड वर गेला, आणि केपा हातानेच "नाही नाही" करत जागचा हलला नाही. सारी टचलाइनवर थयथयाट करतोय आणि सगळं जग बघतंय. त्यातून पंधराच दिवस आधी याच सिटीने त्यांना 6-0 धुतलेलं. पेनल्टीवर 4-3 हरले तेव्हा मी शेजाऱ्याला छातीठोक सांगितलं, हा माणूस उद्या घरी. झालं काय? केपाला आठवड्याच्या पगाराचा दंड झाला, दोघांनीही गैरसमज होता म्हणून सांगितलं, आणि तोच सारी लीगमध्ये तिसरा आला. मे महिन्यात बाकूमध्ये आर्सेनलला 4-1 हरवून युरोपा लीगही घेतली. याहून उघडा अपमान मी तरी मैदानावर बघितला नाही, आणि तरी टीम त्याच्यासाठी खेळत राहिली. तेव्हापासून हात, मिठी, बाटली आपटणे, हे मी मोजायचं सोडून दिलं.

आता कुठं बघायचं ते. बॉलवरची नजर काढा. समोरच्या फुलबॅककडे, म्हणजे कडेच्या डिफेंडरकडे, बॉल जातो तेव्हा आपला विंगर, म्हणजे त्याच कडेचा पुढचा खेळाडू, त्याच्या अंगावर जातो, बरोबर? तो जातो ते मागून मिडफिल्डर सरकून मधली वाट बंद करेल या भरवशावर. मिडफिल्डर सरकतो ते मागचा डिफेंडर चार पावलं वर येईल या भरवशावर. असं बॉलवाल्याच्या अंगावर जाऊन त्याला कोंडणं म्हणजे प्रेसिंग, आणि तो सगळा उधारीचा व्यवहार असतो. मॅनेजरने आखलेली गोष्ट उरलेले दहा जण करणार, ही खात्री असेल तरच पहिला माणूस जीव तोडून धावतो. दोनदा तो एकटाच पडला आणि बॉल त्याच्या बाजूने आरामात निघून गेला की तिसऱ्या वेळी तो अर्ध्यात थांबतो, हात वर करून मागच्यांकडे बघतो. मग मागचा म्हणतो, पुढचाच जात नाही तर मी कशाला वर येऊ? दहा मिनिटांत टीमचे दोन तुकडे होतात. पुढचे पुढे, मागचे मागे, आणि मधे होम मैदानाएवढी मोकळी जागा.

आता तुम्ही म्हणाल, थकलेली टीमही अशीच दिसते. दिसते, पण वेळ बघा. थकलेली टीम सत्तर मिनिटांनंतर तुटते. भरवसा उडालेली टीम पहिला गोल खाल्ला की तुटते, मग तो दहाव्या मिनिटाला का असेना. 0-0 असेपर्यंत सगळे आखल्याप्रमाणे खेळतात, कारण योजना चुकलीय असं कोणी सिद्ध केलेलं नसतं. गोल पडला की "बघ, मी म्हणत होतो" हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर येतं.

दुसरी जागा म्हणजे गोल खाल्ल्यानंतरची वीस सेकंद. कॅमेरा तेव्हा गोल मारणाऱ्याच्या मागे धावतो, पण रिप्ले संपून सेंटरला बॉल ठेवेपर्यंत आपली माणसं एकदोनदा दिसतातच. कोणी कोणावर ओरडतंय का? सेंटरबॅक, म्हणजे मधला डिफेंडर, फुलबॅकला बोटं दाखवून शिव्या घालतोय का? घालत असेल तर मी निवांत झोपतो. अजून सगळ्यांना तीच योजना नीट व्हायला हवीय. अकरा जण खाली मान घालून आपापल्या जागेवर चालत जात असतील, गोलकीपर एकटा जाळ्यातून बॉल काढत असेल, तर मात्र काळजी करा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या अंगावर आलेलं आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी पूर्व भागातल्या पोरांची सेव्हन-अ-साइड टीम मी तीन वर्षं चालवली. बहुतेक पोरं लूमवर काम करणाऱ्यांच्या घरची, घरी तेलुगू, दोघातिघांच्या घरी कानडी. मला तेलुगू मोडकंतोडकंच कळतं. सकाळी सहाला प्रॅक्टिस, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे नऊनंतर मैदानावर पाय ठेवायची सोय नाही. पोरं लई वाद घालायची. "ओ सर, असं कसं? मी मागं थांबलो तर पुढं कोण जाणार?" अर्धा तास असाच जायचा. मला वाटायचं, यांना शिस्त नाही.

मग एका स्पर्धेत आमच्या गोलकीपरने साधा बॉल सोडला आणि मी त्याला हाफटाइमला सगळ्यांसमोर नको ते बोललो. नाइट शिफ्ट संपवून त्याचे वडील थेट मॅच बघायला आलेले, दहा फुटांवर उभे होते. पुढच्या आठवड्यात, कोणाला न विचारता, मी कॅप्टनही बदलला. आणि काय सांगू, पोरं एकदम सुधारली! जे सांगीन त्याला "हो सर". घरी येऊन बायकोला सांगितलं की पोरं आता लायनीवर आली. वर पुढच्या दोन मॅच जिंकलोही.

त्या दोन महिन्यांत डोळ्यांसमोर काय काय होतं ते नंतर सुचलं. एक पोरगा रोज पाच मिनिटं आधी येऊन बॉलमध्ये हवा भरायचा, तो वेळेवर यायला लागला. म्हणजे उशिरा नाही, वेळेवर. कोणाचा गुडघा, कोणाचा घोटा, किरकोळ दुखणी एकदम वाढली. पूर्वी खेळायला मिळावं म्हणून हीच पोरं दुखणी लपवायची. आणि सगळ्यात मोठी खूण: मी जवळ गेलो की बोलणं तेलुगूत सुरू व्हायचं. आधी उलटं होतं. मी आलो की मला कळावं म्हणून मराठीत यायची. मी ते ऐकत होतो आणि मला काही कळलं नाही. माझे वडील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते, लूमचा आवाज जरा बदलला की शेडच्या दारातून त्यांना कळायचं कुठला माग बिघडणार. माझ्या कानाला हे ऐकू आलं नाही.

शेवटी कळलं ते चहाच्या टपरीवर. मॅचच्या आधी पोरं तिथं जमून आपली वेगळी योजना ठरवायची. जिंकलेल्या त्या दोन मॅच माझ्या नव्हत्याच. कॅप्टनपदावरून काढलेला पोरगाच टीम चालवत होता, आणि मला वाईट वाटू नये म्हणून मैदानावर मला "हो सर" म्हणत होता. मी मग बाजूला झालो. माझ्याबरोबर मदतीला यायचा त्या तरुण पोराच्या हातात टीम दिली, मी जाळी आणि पाण्याचं बघायला लागलो. गोलकीपरची माफी मागितली, त्याच्या वडिलांसमोर मागायचं धाडस झालं नाही.

यावरून चेल्सीचा तेव्हाचा मॅनेजर मोरिन्होची गोष्ट मला वेगळी दिसायला लागली. मे 2015 मध्ये चेल्सीला लीग जिंकून दिली, आणि 17 डिसेंबर 2015 ला हाकलला गेला तेव्हा टीम सोळावी, खाली घसरणाऱ्या तिघांपेक्षा एकच गुण वर. तीन दिवस आधी लेस्टरकडून 2-1 हरल्यावर माझ्या कामाशी दगा झाला, असं तो टीव्हीवर बोलून बसला. सगळ्यांनी त्या वाक्याची चर्चा केली. मी मात्र बोट ठेवीन 8 ऑगस्टवर, मोसमाच्या पहिल्या मॅचवर. स्वान्सीशी 2-2 चाललेलं, चेल्सीचा स्टार खेळाडू हॅझार्ड पडला, रेफरीने बोलावलं म्हणून टीमची डॉक्टर एव्हा कार्नेरो धावत आत गेली, आणि मॅचनंतर मोरिन्होने जाहीरपणे मेडिकल स्टाफलाच खेळ कळत नाही असं सुनावलं. ती पुन्हा बेंचवर दिसली नाही. आमच्या गोलकीपरचे वडील उभे होते ना, तसा अख्खा ड्रेसिंग रूम हे बघत उभा होता.

पण खेळाडू मुद्दाम हरत होते, हे तुमच्या गच्चीवरच्या पोरांचं आवडतं मत मला पटत नाही. मोरिन्हो गेल्यावर संडरलंडला 3-1 हरवलं तेव्हा प्रेक्षकांनी आपल्याच खेळाडूंची हुर्यो उडवली, आधी का नाही खेळलात म्हणून. पण हॅझार्डचंच बघा, ज्याच्यावर सगळ्यात जास्त संशय होता. मॅनेजर बदलल्यावरही त्या मोसमातला त्याचा लीगमधला पहिला गोल यायला एप्रिल 2016 उजाडला. मुद्दाम बंद केलेला नळ चार महिने कोरडा राहत नाही. विश्वास गेलेला माणूस मुद्दाम काही करत नाही. तो अर्धं पाऊल थांबून बघतो, आणि त्या पातळीवर अर्ध्या पावलात बॉल निघून गेलेला असतो.

मग मॅनेजर रानिएरी गेल्या गेल्या लेस्टर कशी जिंकली, हा प्रश्न येणारच. 2016 चे चॅम्पियन, 2017 सालात फेब्रुवारी संपत आला तरी लीगमध्ये एकही गोल नाही. 23 फेब्रुवारीला रानिएरीला काढलं, 27 ला लिव्हरपूलला 3-1 हरवलं, वार्डीचे दोन गोल. लोक म्हणाले, बघा, नाटक होतं. मला त्यात वेगळं दिसतं. रानिएरी त्या हिवाळ्यात मांडणी आणि माणसं सारखी बदलत होता. जागेवर आलेला शेक्सपियर त्याचाच सहायक, पोरांच्या रोजच्या ओळखीचा. कांते विकला गेलेला, पण बाकी बहुतेक तोच चॅम्पियन संघ त्याने जुन्या 4-4-2 मांडणीत (मागे चार, मधे चार, पुढे दोन) उतरवला. उधारीचा व्यवहार परत सुरू झाला, कारण शेजारचा काय करणार हे प्रत्येकाला पुन्हा माहीत झालं. म्हणून मॅनेजर दर आठवड्याला नवी मांडणी काढतोय का, तेही बघत जा. त्याचाच त्यांच्यावरचा भरवसा संपलेला असतो, आणि पोरांना ते आधी कळतं.

निकाल आणि विश्वास यांची जोडी तर अजिबात लावू नका. आपल्या क्रिकेटवाल्या मंडळींना कुंबळे आठवेल. कोच म्हणून 17 पैकी 12 कसोट्या जिंकल्या आणि जून 2017 मध्ये राजीनामा, कॅप्टनला माझी पद्धत मान्य नाही असं कळवलं गेलं म्हणून. उलट आर्सेनलचा मॅनेजर आर्तेता. डिसेंबर 2020 मध्ये आर्सेनल पंधरावी, लीगमध्ये सात मॅच विजय नाही. त्या मॅच परत बघा. गोल होत नव्हते, पास चुकत होते, पण बॉल गेला की मागे धावणं थांबलं नव्हतं. 26 डिसेंबरला साका, स्मिथ रो, मार्टिनेल्ली या पोरांना घेऊन चेल्सीला 3-1 हरवलं आणि तिथून गाडी वळली. तुमची गच्ची तेव्हा असती तर त्यालाही काढला असता.

कोण खेळणार ती नावं मॅचच्या आधीच पेपरात फुटणं, एजंटची बडबड, मुलाखतीत "आम्ही" जाऊन "कोचने ठरवलं" येणं, या खुणा खऱ्या आहेत, पण त्या उशिरा येतात आणि त्यात एकदोन नाराज माणसांचा आवाज फार मोठा असतो. उघड बंड तर सगळ्यात शेवटी. 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये हाफटाइमला फ्रान्सचा कोच डोमेनेकला शिव्या घातल्या म्हणून खेळाडू अनेल्काला घरी पाठवलं, तेव्हा 20 जूनला क्निस्नाला फ्रान्सचे खेळाडू बसमध्ये जाऊन बसले आणि प्रॅक्टिसला उतरेनात. त्यांचं निषेधाचं पत्रक पत्रकारांना वाचून दाखवलं कोणी? खुद्द डोमेनेकने. तिथवर गोष्ट जाते तेव्हा खुणा शोधायची गरज उरत नाही.

तुमच्या कॅप्टनबद्दल माझा कयास असा की टीम एक गोलने मागे असताना बाहेर काढलं म्हणून तो भडकला, आणि ते मला चांगलंच वाटतं. पण खात्री करायची तर त्या मॅचचं रेकॉर्डिंग परत लावा. हात-बित सोडा, पहिला गोल खाल्ल्यानंतरची दहा मिनिटं बघा. समोरच्या फुलबॅककडे बॉल गेल्यावर आपला विंगर जातो का, तो गेल्यावर त्याच्यामागे कोणी येतं का, आणि कॅप्टन कोणावर तरी ओरडतो का. काय दिसलं ते इथंच लिहा, शनिवारच्या मॅचच्या आधी.