गच्चीवरचं, बागेतलं हॉटेल आणि शेजाऱ्यांची झोप

प्रश्न : सोसायटीच्या कुंपणालगतच्या गार्डन रेस्टॉरंटमध्ये रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर चालतात. पोलीस आले की आवाज उतरतो, गेले की पुन्हा तेच. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ६२ डेसिबल दिसतात. हा पुरावा चालेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : रात्री दहानंतर डेसिबलच्या मागे लागूच नका. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायलाच बंदी आहे. सूट आहे ती सभागृहासारख्या बंदिस्त जागांना; वर पत्रा आणि बाजूला हिरवी जाळी असली म्हणून बाग बंदिस्त होत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देतं, ती रोजच्या धंद्यासाठी नाही.

म्हणजे तुमचा खरा पुरावा घड्याळ आहे. खिडकीतून स्पीकर किंवा मोकळी बाग दिसेल आणि गाणं ऐकू येईल असं चित्रीकरण करा, त्यात वेळ कळू द्या. त्याच वेळी ११२ वर फोन करा. दुसऱ्या दिवशी तारीखवार लेखी तक्रार ठाण्यात द्या आणि पोच घ्याच. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही. नाव फुटेल ही भीती खरी असते, पण तक्रारदाराची ओळख उघड करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे.

दहाच्या आधी मात्र आकडा लागतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज हॉटेलच्या हद्दीवर ६५ च्या वर जाता कामा नये. व्यापारी भागात ध्वनिक्षेपकाची हीच मर्यादा ७५ होते, म्हणून आपला भाग कोणता ते आधी पाहा. ॲपचा आकडा अंदाजापुरता. कारवाईसाठी मोजणी प्रमाणित यंत्रानेच झालेली हवी.

प्रश्न : आवाज बारीक ठेवूनही शेजारी ‘धडधड’ होते म्हणतात. — एक हॉटेलचालक

उत्तर : ते खरंच सांगत आहेत. खर्जाचा आवाज काचेतून, भिंतीतून सहज जातो आणि नेहमीच्या डेसिबल मोजणीत कमी दिसतो. सबवूफर बंद करा, ॲम्प्लिफायरवर १०० हर्ट्झखालचा भाग कापा. दोन मोठ्या स्पीकरऐवजी टेबलांजवळ सहा-आठ छोटे लावा, तोंड आतल्या बाजूला. झाडांच्या रांगेने आवाज अडत नाही. फटी नसलेली, स्पीकर आणि खिडकी यांच्या मधली सरळ रेषा तोडणारी भिंतच लागते. खुर्च्यांच्या पायांना रबर बसवा आणि रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये ओतणं सकाळवर ढकला.