बाबांची काळी-पिवळी, ३२ पट लहान

तुझा प्रश्न दोनदा वाचला. कळव्यात राहतेस, बाबांनी बावीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली, गाडी कधीच भंगारात गेली आणि दिवाळीला त्यांच्या हातात तिचं मॉडेल ठेवायचंय. मागे ओढून सोडायचं काळी-पिवळीचं प्लॅस्टिकचं खेळणं आणून ठेवलंयस. याआधी एकही मॉडेल केलेलं नाही. एअरब्रश घेऊ का, सरावाला आधी जपानी किट (सुटे भाग जोडून करायचं मॉडेल) घेऊ का आणि रंग या शनिवार-रविवारी उरकू का, असं विचारतेस. काका म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

एअरब्रश नको, स्प्रेचा डबा पुरतो. किट नंतर कधीतरी. आणि रंग या शनिवारी अजिबात नको, जुलै चालू आहे.

शेवटच्या उत्तरापासून सुरुवात करतो, कारण ते मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय. ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या घरी गॅलरीत बसून मी एक लाल मारुती ८०० रंगवली होती. लाल रंग सुरेख बसला. गणपती चार दिवसांवर आले होते, पाहुणे येतील तेव्हा गाडी शोकेसमध्ये हवी होती, म्हणून पावसाची उघडीप बघून वरून क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक चकाकीचा थर, मारला. पाच मिनिटांत टपावर पांढुरकं धुकं उतरलं. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "यावर साय कशी काय आली?" तिने बरोबर शब्द वापरला. लॅकरमधलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं आणि हवेतली वाफ त्या ओल्या थरावर बसते. येऊरच्या डोंगराकडून ढग उतरलेले असतात तेव्हा आपल्याकडे हवा पिळून काढावी अशी असते. पाऊस पडत नाही म्हणजे हवा कोरडी आहे, असं नसतं.

ती गाडी मी त्याच रात्री घासायला घेणार होतो. नशिबाने आळस केला. ऑक्टोबरात कोरड्या दुपारी त्याच क्लिअरचा अगदी हलका हात फिरवला तेव्हा खालचा थर पुन्हा मऊ झाला आणि साय बरीचशी गेली. बरीचशी, सगळी नाही. मागच्या खिडकीखाली अजून दिसते.

तेव्हा तीन-चारशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा छोटा मीटर घे. काटा ७० टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रेचा डबा कपाटातच राहू दे. एसीच्या खोलीत दार लावून मारते, असं मनात येईल. मारू नकोस, ते सॉल्व्हंट पेट घेणारं असतं आणि डोक्यातही चढतं. स्प्रे उघड्या खिडकीपाशी मारायचा, तोंडाला वाफ गाळणारा, फिल्टरच्या काडतुसाचा मास्क लावून. करोनातला निळा मास्क वाफेपुढे काहीच कामाचा नाही. वाळायला मात्र एसीची खोली उत्तम. आपल्याकडून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. खंडेनवमीला कटरची पूजा कर आणि त्यानंतरची पहिली कोरडी दुपार बघून रंगाला हात घाल. दिवाळीपर्यंत वेळ पुरतो, कारण रंग सोडून बाकीचं सगळं काम पावसाळ्यात करता येतं. आणि ते भरपूर आहे.

आता मोजपट्टी घे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोज. हाच व्हीलबेस. बाबांची काळी-पिवळी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, आणि खऱ्या पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर. तुझ्या खेळण्याचा ७३ भरला तर भागाकार ३२ येतो, म्हणजे स्केल १/३२. वेगळा आला तर तो आकडा धर, मी इथे ३२ धरून चालतो. हा आकडा टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेव, कारण पुढचं प्रत्येक काम त्यानेच भागायचंय किंवा गुणायचंय.

खेळण्याची काच दीड मिलिमीटर जाडीची असते. ३२ ने गुण: ४८ मिलिमीटर. एवढी जाड काच बँकेच्या कॅशियरपुढे असते, टॅक्सीला नसते. दारांच्या खाचा जवळजवळ एक मिलिमीटर रुंद, म्हणजे खऱ्या गाडीवर त्या फटीत दोन बोटं सहज जातील. आपण दिलेला रंगाचा थर ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झाला तर खऱ्या गाडीवर तो १.६ मिलिमीटरचा होतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन असतात. खेळणं लांबूनही खेळणंच का दिसतं, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. नवखी माणसं तपशील घालायला धावतात, वायपर लाव, आरसे लाव, गणपती चिकटव. आधी जाडी काढ. माझ्या मते निम्मं डिटेलिंग म्हणजे काढून टाकणंच असतं.

काचेपासून सुरू कर, फरक लगेच दिसेल. खालचे स्क्रू काढून गाडी उघड, काचेचा एकसंध तुकडा बाहेर घे. झेरॉक्सवाल्याकडे ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, मिळते, ०.१ मिलिमीटर जाडीची, गुणिले ३२ म्हणजे ३.२. खऱ्या काचेच्या जवळ आलीस. जुन्या काचेवर मास्किंग टेप लाव, कडेने पेन्सिल फिरव, टेप उचलून शीटवर चिकटव आणि नव्या ब्लेडने काप. एकाच जोरात कापायचं नाही, हलके चार-पाच हात. पहिल्या दोन काचा वाया जातील, शीट दहा-वीस रुपयांची आहे. पुढच्या दारातली ती तिकोनी काच वेगळी काप. बाबा उन्हाळ्यात ती फिरवून वारा आत घेत असणार, विचार त्यांना. तिची उभी पट्टी दिसली की ओळखणारा माणूस लगेच ओळखतो. चिकटवायला फेव्हिक्विक नको, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. साधा पांढरा फेव्हिकॉल काडीच्या टोकाने लाव, तो वाळून पारदर्शक होतो.

गाडी उघडलीच आहेस तर मागे ओढायची मोटर काढून टाक. तिच्यामुळे आतली तळजमीन उंच असते आणि सीट खिडकीला टेकल्यासारख्या दिसतात. तिथे पातळ प्लॅस्टिकची नवी तळजमीन बसव. पुढे बाकासारखी सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, जमिनीवर नाही. सीटचं रेक्झिन, टपाच्या आतलं कापड, डॅशबोर्डवरचा देव हे प्रत्येक टॅक्सीचं वेगळं होतं. तिथे माझं ऐकू नकोस, घरचे फोटो काढ.

फोटोंचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पूर्वी शंका आली की मी स्टेशनबाहेर जाऊन टॅक्सीपाशी उकिडवा बसायचो, ड्रायव्हरला वाटायचं पंक्चर दाखवतोय. आता ती सोय नाही. कुर्ल्यात १९६४ पासून बनलेल्या या गाड्यांपैकी टॅक्सी म्हणून शेवटची ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी नाही. खासगी पद्मिनी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात दिसतात. माप त्यांच्यावरून घे, रंगरूप फोटोवरून.

दारांच्या खाचा: पुट्टी भरून, घासून, पुन्हा बारीक कोरणं हा खरा उपाय. पहिल्या गाडीत मी तो सांगणार नाही. त्याऐवजी रंग झाल्यावर खाचेत काळ्याऐवजी गडद राखाडी पातळ रंग सोड, फट अरुंद भासते.

रंगाआधी एक चाचणी. बॉडीच्या आतल्या बाजूला, कुठे दिसणार नाही अशा जागी, प्लॅस्टिक मॉडेलच्या पातळ सिमेंटचा थेंब टाक. प्लॅस्टिक मऊ पडलं तर बरं, त्यावर गोंद आणि प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) दोन्ही धरतात. थेंब नुसता उडून गेला तर ते तेलकट जातीचं प्लॅस्टिक आहे, रंग नखाने निघेल, दुसरं खेळणं बघ. जुना छापील रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर चुकूनही लावू नकोस. माझ्या एका मित्राने लावलं होतं, गाडीचा टप पापडासारखा वळला.

मग भांड्यांच्या साबणाने धू, वाळव, आणि यापुढे बॉडी फक्त कडांना धरून उचल. बोटांचं तेल रंगाखाली ठसा सोडतं. १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात हलकं घास. चकाकी गेली की पुरे.

क्रम असा: प्रायमर, पिवळा, मग काळा. पिवळा रंग झाकायला दुबळा असतो, राखाडी प्रायमरवर मारलास तर शेवाळी दिसतो आणि मग माणूस थरावर थर देत बसतो. इथे तुझे ५० मायक्रॉन कधीच पार झालेले असतात. टपाला खाली पांढरा दे. आमच्यातले काहीजण गुलाबी देतात, हसू नकोस, पिवळा त्यावर फार उबदार येतो. टामिया या जपानी कंपनीचे टीएस मालिकेतले स्प्रेचे डबे घे, टीएस-४७ हा पिवळा टॅक्सीला जवळचा आहे. पीएस लिहिलेले डबे घेऊ नकोस, ते रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतात. विमानाने असे डबे पाठवता येत नाहीत, तेव्हा परदेशातल्या दुकानातून मागवायच्या भानगडीत पडू नकोस, इथल्याच विक्रेत्याकडून घे. मारण्याआधी डबा पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेव. कोमट म्हणजे हात सहज बुडेल इतकंच, गॅसवर काही करायचं नाही. दाब वाढतो, थेंब बारीक होतात, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा कमी येतो.

पिवळा दोन दिवस वाळू दे. पिवळा टपाच्या पन्हळीपर्यंतच होता की खांबांवरही उतरला होता, हे बाबांच्या गाडीच्या फोटोत बघ आणि तशी मास्किंग टेप लाव. टेपची कड नखाने दाब आणि कडेवर पुन्हा थोडा पिवळाच मार. टेपखाली काही शिरायचंच असेल तर पिवळा शिरेल आणि पिवळ्यावर दिसणार नाही. त्यानंतर काळा.

काळा कोणता, यावर माझं ठाम मत आहे. चकचकीत टीएस-१४ नव्हे, अर्धचकाकीचा टीएस-२९. बावीस वर्षं ऊनपाऊस खाल्लेली, रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसलेली टॅक्सी आरशासारखी चमकत नाही. चकाकीलाही ३२ ने भागावं लागतं. शिवाय अर्धचकाकीवर धूळ आणि चुका दोन्ही लपतात, पॉलिश करावं लागत नाही.

सरावाबद्दल. जपानी किट सुंदर असतात, पण २०२० साली खेळण्यांवरची कस्टम्स ड्युटी २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ साली ७०, आणि स्केल मॉडेलही त्याच गटात मोडतात. साध्या १/२४ किटला तीन-चार हजार लागले तर नवल नाही. तुला सराव रंगाचा हवा आहे. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून प्लॅस्टिकच्या चमच्यांचं पाकीट घे. चमच्याची पाठ बॉनेटसारखीच वळलेली असते. दहा चमच्यांवर प्रायमर, पिवळा, टेप, काळा असा सगळा क्रम कर, प्रत्येकावर तारीख आणि आर्द्रता लिही. सतरा वर्षं झाली, मी अजून नवा डबा आधी चमच्यावर मारतो.

बंपर आणि जाळीच्या चंदेरी भागाला क्रोम पेन मिळतं, पेन चालवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. नंबरप्लेट पिवळी, अक्षरं काळी. ५०० बाय १२० मिलिमीटरची पाटी ३२ ने भागली की १५.६ बाय ३.७५ होते. बाबांच्या गाडीची पाटी दोन ओळींची असेल तर फोटोतल्या बंपरशी प्रमाण लावून माप काढ. फोटो पेपरवर छाप, मागचा कागद वॉटर पेपरने कोरडाच घासून पातळ कर, नाहीतर ती प्लेट पाटासारखी जाड दिसेल.

राहिला भाड्याचा मीटर. जुना लोखंडी मीटर डाव्या बाजूला, बॉनेटच्या कडेला बाहेर असायचा. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घे, ०.७६ मिलिमीटर जाडीचं असतं, त्याचे चौकोन एकावर एक फेव्हिक्विकने चिकटवून डबी कर (कार्ड पीव्हीसीचं, मॉडेलचं सिमेंट त्याला धरत नाही). मीटरच्या झेंड्याला, म्हणजे भाडं सुरू करताना खाली पाडायच्या पट्टीला, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा. टपावर कॅरिअर असेल तर वायरच्या आतली एकेक तांब्याची तार काढून, काचेवर लाटल्यासारखी फिरवून सरळ कर आणि आडव्या-उभ्या जोड.

धुळीसाठी खडूची पूड ब्रशने चाकांच्या वर लावता येते. लावायची की नाही ते तूच ठरव. मी माझ्या गाड्यांना लावतो, पण तुझे बाबा ड्रायव्हर होते, मळकी गाडी हातात दिलीस तर आधी फडकं मागतील.

सध्या एवढं कर: काच काप, मोटर काढ, व्हीलबेस मोजून आकडा कळव. आणि घरच्या फोटोत मीटरचा झेंडा वर आहे की खाली पाडलेला, कॅरिअर आहे की नाही, तेही सांग. तारेची जाडी त्यावरून काढून देतो.