१९३० च्या दशकातले जॉन वेनचे स्वस्तातले काउबॉय सिनेमे आज बघण्यासारखे आहेत का?

हो, बघा. तुम्ही म्हणताय दोन बघितले, दोन्हीची गोष्ट सारखीच, पार्श्वसंगीत नाही, सगळं कोरडं वाटलं म्हणून सोडून दिलं. गोष्टीचं तुमचं अगदी बरोबर आहे, गोष्टीसाठी हे सिनेमे बघूच नका. यात बघायचा माणूस वेगळाच आहे, स्टंटमन याकिमा कनट.

थोडं मागचं सांगतो. १९३० साली वेनला 'द बिग ट्रेल' मिळाला, केवढा मोठा पिक्चर, पण तो आपटला आणि पुढची आठ-नऊ वर्षं बिचाऱ्याने बहुतेक स्वस्तातल्या सिनेमांतच काढली. त्यातले लोन स्टार नावाखालचे १६ सिनेमे १९३३ ते १९३५ मधले, मोनोग्राम कंपनीकडून आलेले, एकेक जेमतेम तासाभराचा. मंदीचे दिवस, थिएटरवाले एका तिकिटात दोन पिक्चर दाखवायचे, त्यातला जोडीचा पिक्चर म्हणजे हे, त्यामुळे पटापट आणि कमी पैशात उरकायचं.

आता कनट. हा रोडिओतला, म्हणजे उधळत्या घोड्यावर टिकून बसण्यासारख्या काउबॉय खेळांतला चॅम्पियन, मूकपटात हिरो होता, पण नौदलात असताना फ्लू होऊन त्याचा आवाज गेला होता आणि बोलपट आल्यावर हिरोगिरी संपली. मग तो व्हिलन आणि स्टंटमन झाला, आणि या सिनेमांत कित्येकदा व्हिलनही तोच आणि वेनचा डुप्लिकेटही तोच! दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी, कनट आणि वेन यांनी मिळून मारामारीची एक पद्धत बसवली. त्याआधी ठोसे खांद्यावर, दंडावर मारायचे आणि ते खोटं दिसायचं. यांनी काय केलं, कॅमेरा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे तिरका लावला, ठोसा तोंडासमोरून नुसता निघून जातो आणि समोरच्याने नेमक्या क्षणी मान झटकायची. लागत काहीच नाही पण बघताना बसल्यासारखा वाटतो. आजही फाइट अशीच शूट करतात. पुढच्या वेळी ठोशाकडे नाही, मार खाणाऱ्याच्या मानेकडे बघा.

संगीत नसण्याचं म्हणाल तर मला तेच आवडतं. टापा ऐकू येतात, खोगिराची करकर ऐकू येते. यूट्यूबवरच्या काही प्रिंटना नंतर कुणीतरी सिंथेसायझरचं संगीत चिकटवलंय, त्या टाळा.

एक गोष्ट मात्र मला बघवत नाही, घोडे पडतात ते. पुढच्या पायांना तार बांधायची, दुसरं टोक जमिनीत पुरायचं, तार संपली की पळता घोडा तोंडावर आपटायचा. कनटनेही हे केलंय. कितीतरी घोडे जायबंदी झाले, मेले. १९४० पासून अमेरिकेत प्राणी संघटनेची देखरेख सुरू झाली तेव्हा कुठे हे आवरलं.

सुरुवात १९३३ च्या 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'पासून करा, त्यात वेन गातोसुद्धा, म्हणजे ओठ त्याचे, आवाज दुसऱ्याचा. मग लगेच १९३९ चा 'स्टेजकोच' लावा. त्यात एक जण पळत्या घोड्यांवर उडी मारतो, गोळी लागून मधे खाली पडतो, फरपटत जातो, हात सोडतो आणि घोडे, अख्खी गाडी त्याच्या वरून निघून जाते. तो कनट आहे.